घटीचे खाते

जुन्या पेढ्यांच्या खतावणीत कुळांची, अडत्यांची, हमालीची आणि बारदानाची खाती असत, तसेच आणखी एक खाते असे. त्याला नाव असलेला धनी नसे आणि त्याच्याकडे उगराणीला जाण्याची सोयही नसे. ते घटीचे खाते. आलेला माल आणि गेलेला माल यांच्या वजनात जो फरक उरतो, तो वर्षअखेरीस या खात्यावर टाकून दिवाणजी वही बंद करीत. उंदरांनी खाल्ले, पोते फाटले, हमालाच्या हातून सांडले, ही कारणे त्यात येतच. पण ती सारी वजा घातली तरी काहीतरी उरेच. कापूर घटे, हिंग घटे, नवी हळद आणि नवी तूर घटे. पावसाळ्यात उलट गूळ आणि मीठ वजनाला वाढत. कशाने, हे विचारण्याची रीत नव्हती. मालाचा स्वभाव, एवढे उत्तर पुरे होई.

दक्षिण महाराष्ट्रातल्या एका पेठेत तेल, तूप आणि किराणा मालाची अशीच एक जुनी पेढी आहे. तिचे थोरले मालक आता ऐंशीच्या पुढे गेले आहेत. घरात आणि पेठेत सगळे त्यांना अण्णा म्हणतात. धंद्यात येणाऱ्या प्रत्येक मुलाला त्यांनी एक गोष्ट आवर्जून शिकवली. घट नेहमीच्या प्रमाणाबाहेर गेली तर चोर शोधावा, प्रमाणात असेल तर नोकरावर संशय घेऊ नये. पेठेत अशा संशयापायी जुने, विश्वासू नोकर गमावलेली घरे त्यांनी पाहिली होती. म्हणून कोणत्या मालाची, कोणत्या महिन्यात, मणामागे किती घट धरावी, याचा त्यांचा स्वतःचा एक आडाखा होता आणि तो क्वचितच चुके.

त्यांची नात भौतिकशास्त्र शिकून एका महाविद्यालयात शिकवू लागली. दिवाळीच्या सुटीत जुन्या वह्या चाळताना तिचे लक्ष त्या खात्याकडे गेले.

“आजोबा, कापराची घट चैत्र-वैशाखातच एवढी जास्त का लिहिलेली आहे?”

“उडतो तो, बाळ. उन्हात जास्त उडतो. माझ्या वडिलांनीही हेच सांगितलं होतं.”

“उडतो खरा. पण त्याला उडवतं कोण?”

साठ वर्षे कापूर विकलेल्या माणसाला हा प्रश्न प्रथमच कोणी विचारला होता. वारा म्हणावे तर बंद कपाटातही कापूर घटतो. ऊन म्हणावे तर ते कपाटात शिरत नाही. अण्णांनी चष्मा काढून ठेवला आणि तिलाच सांगायला सांगितले.

तिने जे सांगितले त्याचा गाभा असा. कोणताही पदार्थ अतिशय सूक्ष्म कणांचा, रेणूंचा बनलेला असतो, हे शाळेतल्या प्रत्येक मुलाला माहीत असते. परंतु ते कण क्षणभरही स्वस्थ नसतात, ही त्यातली खरी महत्त्वाची गोष्ट मात्र पाठांतरात हरवून जाते. घन पदार्थातले कण पंगतीला बसलेल्या पाहुण्यांसारखे असतात. मांडीला मांडी लागलेली, जागा ठरलेली, पण प्रत्येक जण बसल्या जागी हलतो आहे. द्रवातले कण आठवडी बाजारातल्या गर्दीसारखे. एकमेकांना खेटूनच, पण जागा बदलत, वाट काढत चाललेले. वायूतले कण म्हणजे शाळा सुटल्यावर मैदानात उधळलेली मुले. मध्ये भरपूर मोकळी जागा, आणि भिंतीवर आपटेपर्यंत किंवा दुसऱ्यावर धडकेपर्यंत सरळ धाव. ज्याला आपण उष्णता म्हणतो ती या हालचालीची ऊर्जा, आणि तापमान हे त्या ऊर्जेच्या सरासरीचे माप. काठिण्य, प्रवाहीपणा, दाब, प्रसरण, गंध असे पदार्थाचे जे गुणधर्म व्यापाऱ्याच्या हाताला आणि नाकाला रोज भेटतात, त्यांचा उलगडा बव्हंशी या एका गोष्टीने होतो.

कापराच्या वडीतले रेणू एकमेकांना फार घट्ट धरून बसलेले नसतात. सगळ्यांची धडपड सारखी नसते. काहींच्या वाट्याला सरासरीपेक्षा बरीच अधिक ऊर्जा येते, आणि पृष्ठभागावरचा असा एखादा रेणू शेजाऱ्यांची पकड तोडून थेट हवेत निसटतो. मध्ये पातळ होण्याची पायरीही तो घेत नाही. वैशाखात अशा निसटणाऱ्यांची संख्या वाढते, म्हणून वैशाखातली घट मोठी. डबीचे झाकण घट्ट असेल तर निसटलेले रेणू आतच कोंडतात, भिंतींवर आपटून पुन्हा वडीला चिकटतात. जाणारे आणि परतणारे यांची संख्या सारखी झाली की वजन उतरायचे थांबते. बायका कापराच्या डबीत मिरी टाकून ठेवतात. त्या प्रथेचा मान ठेवूनही असे म्हणावे लागेल की राखणीचे खरे काम झाकण करते.

एक ग्रॅम कापरात किती रेणू असतात? ४ वर २१ शून्ये, साधारण इतके. सेकंदाला एक अब्ज या वेगाने कोणी मोजत बसला तर सव्वा लाख वर्षांहून अधिक काळ लागेल. दर घटकेला कोट्यवधी उडून गेले तरी तराजूचा काटा काही काळ हलत नाही याचे नवल वाटायला नको.

हिंगाचे प्रकरण याहून मजेदार आहे. दुकानाच्या आतल्या खोलीत हिंगाचा डबा उघडला तर गल्ल्यावर बसलेल्याला तो वास लगेच येत नाही; थोडा वेळ जातो. आणि हिशेब तर असा सांगतो की साध्या खोलीतल्या हवेचे रेणू सेकंदाला सुमारे ५०० मीटर वेगाने धावतात, म्हणजे तासाला १,८०० किलोमीटर. या वेगाने वास निमिषार्धात अख्ख्या पेठेत पोचायला हवा! ही शंका खुळचट मुळीच नाही. जर्मन शास्त्रज्ञ क्लॉझियस याने १८५७ मध्ये रेणूंच्या गतीचा सिद्धांत मांडला, तेव्हा बाइस बॅलट या डच हवामानशास्त्रज्ञाने पुढल्याच वर्षी नेमका हाच आक्षेप घेतला. क्लॉझियसचे उत्तर असे की रेणू वेगवान असतो हे खरे, पण त्याला वाट मोकळी मिळत नाही. मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतकेही अंतर तो धड काटत नाही, तोच दुसऱ्यावर आदळतो आणि दिशा बदलतो. सेकंदाला अशा काही अब्ज टकरी. यात्रेच्या गर्दीत पळणाऱ्या माणसाची जी गत तीच त्याची, पाय चालतात पण अंतर तुटत नाही. घरात वास पसरवण्याचे बरेचसे काम प्रत्यक्षात हवेचे झोतच करतात. ते नसते तर हिंगाला गल्ल्यापर्यंत यायला याहून कितीतरी अधिक वेळ लागला असता.

घरातल्या पाण्याचीही हीच कथा. उकळलेले पाणी परातीत पसरून निववण्याची रीत जैन घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ते हंड्यात ठेवले तर लवकर निवत नाही, परातीत निवते, हे प्रत्येक सुनेला ठाऊक असते. परातीत पृष्ठभाग मोठा, म्हणून निसटणाऱ्या रेणूंना दारे अधिक. आणि निसटतात ते सर्वांत ऊर्जावान. पेढीतले मोठ्या भांडवलाचे भागीदार एकेक करून बाहेर पडले की उरलेल्यांची सरासरी पुंजी उतरते, तसेच हे. अधिक ऊर्जेचे रेणू गेले की मागे राहिलेल्यांची सरासरी उतरते, आणि सरासरी उतरणे म्हणजेच पाणी निवणे. माठाचे तेच, फक्त त्याची दारे सर्वांगाला असतात. पाणी उकळायला इंधन एवढे का लागते, याचेही उत्तर यातच आहे. शून्य अंशावरचे पाणी शंभर अंशांपर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागते, तिच्या पाच पटींहून अधिक उष्णता त्याच पाण्याची पूर्ण वाफ करायला लागते. कारण तिथे प्रत्येक रेणूची शेजाऱ्यांशी असलेली पकड सोडवावी लागते.

हे सारे आज पाठ्यपुस्तकात चार पानांत येते. पण ज्याने ते बहुतांशी आधी जुळवले, त्याची कहाणी मुंबईतली आहे आणि ती मराठी वाचकांत फारशी कोणाला माहीत नाही.

जॉन जेम्स वॉटर्स्टन हा एडिंबरा इथला, जन्म १८११ चा. १८३९ मध्ये तो मुंबईला आला आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमारी उमेदवारांना नौकानयन आणि तोफखान्याचे गणित शिकवू लागला. नोकरी सांभाळून उरलेल्या वेळात त्याने वायूंचा विचार केला. वायू म्हणजे उन्हाच्या कवडशात घोंघावणाऱ्या चिलटांच्या थव्यासारखा, सतत धडका देणाऱ्या कणांचा समुदाय. त्या धडका म्हणजे दाब. कणांच्या गतीची ऊर्जा म्हणजे तापमान. आणि दोन वेगळे वायू एकाच तापमानाला असतील तर जड कण हळू आणि हलके कण वेगाने धावतात, इतके की दोहोंची सरासरी ऊर्जा सारखीच भरते. दाब हा धडकांचा परिणाम आहे, हे डॅनिएल बर्नूली १७३८ मध्येच म्हणून गेला होता. परंतु शेवटचा निष्कर्ष नवा होता, आणि पुढे सगळे शास्त्र त्यावर उभे राहिले.

वॉटर्स्टनने आपला प्रबंध मुंबईहून लंडनच्या रॉयल सोसायटीकडे पाठवला. १८४५ च्या अखेरीस तो तिथे पोचला. परीक्षकाने तो निव्वळ निरर्थक ठरवला. सोसायटीच्या नियमाप्रमाणे आलेले हस्तलिखित परत मिळत नसे, आणि वॉटर्स्टनने स्वतःजवळ प्रत ठेवलेली नव्हती. व्यापारी वाचकाला इथे कळवळा येईल. मूळ वहीच दुसऱ्याच्या कपाटात गेली आणि नक्कल नाही! त्याच्या नावाने छोटासा सारांश तेवढा छापून आला. पुढे क्लॉझियस आणि मॅक्सवेल यांनी स्वतंत्रपणे तीच वाट काढली आणि श्रेय त्यांना मिळाले, ते योग्यच, कारण त्यांनी वॉटर्स्टनचे काही घेतले नव्हते. तो १८५७ मध्ये स्कॉटलंडला परतला, एकाकी राहिला, आणि १८८३ च्या जूनमध्ये एके दिवशी घरातून फिरायला म्हणून गेला तो परतला नाही. १८९१ मध्ये सोसायटीचे तत्कालीन सचिव लॉर्ड रॅले यांना दप्तरात ते हस्तलिखित सापडले. त्यांनी ते १८९२ मध्ये, स्वतःची प्रस्तावना जोडून, जसेच्या तसे छापले. मधे शेहेचाळीस वर्षे गेली होती.

नातीने ही हकीकत सांगितली तेव्हा अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी एवढेच विचारले, “त्याच्या घरच्यांना कोणी कळवलं का?” या प्रश्नाचे उत्तर तिच्याजवळ नव्हते.

कण आहेत आणि ते हलतात, हे गणिताने जुळले तरी डोळ्यांनी कोणी पाहिले नव्हते. त्यामुळे एकोणिसावे शतक संपेपर्यंत अर्न्स्ट माख आणि विल्हेल्म ऑस्टवाल्ड यांच्यासारखे थोर शास्त्रज्ञही अणू ही केवळ हिशेबाची सोय आहे असे म्हणत. निकाल लागला तो एका जुन्या निरीक्षणाने. १८२७ मध्ये रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की परागकणांतून निघालेले बारीक दाणे पाण्यात अखंड, वेडेवाकडे थरथरत असतात. हे जीवनाचे लक्षण असावे असे प्रथम वाटले. पण ब्राऊन सावध माणूस होता. त्याने काचेची पूड घेतली, दगडांची पूड घेतली, इजिप्तच्या स्फिंक्सचा एक तुकडाही कुटून पाहिला. सगळेच दाणे तसेच थरथरले. म्हणजे ही हालचाल जीवाची नव्हती.

ती कोणाची, हे १९०५ मध्ये आइनस्टाइनने गणिताने सांगितले. पाण्याचे अदृश्य रेणू दाण्याला चहूबाजूंनी धडका देतात. दाणा पुरेसा लहान असेल तर एका बाजूच्या धडका दुसरीपेक्षा क्षणोक्षणी कमी-जास्त पडतात आणि दाणा ढकलला जातो. पॅरिसमध्ये झाँ पेरँ याने १९०८ पासून हे प्रयोगाने तपासले. त्याने वापरलेला माल किराणा पेठेला परका वाटू नये. तो होता गँबोज, आपल्या कोकमाच्या भाऊबंद झाडाचा पिवळा, राळेसारखा डिंक, चित्रकारांच्या रंगात पडणारा. त्याला अगदी एकसारख्या आकाराचे दाणे हवे होते. एक किलो डिंकावर कित्येक महिने प्रक्रिया केल्यावर त्याच्या हाती लागले ते ग्रॅमचे काही दशांश. असली घट कोणत्याही पेढीने सोसली नसती! पेरँने ती सोसली, निरनिराळ्या उंचीवरचे दाणे एकेक करून मोजले, आणि त्यावरून ठरावीक वजनाच्या पदार्थात किती रेणू असतात याचा आकडा काढला. तो आज मान्य असलेल्या आकड्याच्या बराच जवळ होता. ऑस्टवाल्डने मत बदलले. १९२६ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक पेरँला मिळाले.

इथे एका मोहापासून दूर राहिलेले बरे. तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायात पुद्गलाचे विवेचन आहे. स्पर्श, रस, गंध, वर्ण हे त्याचे गुण, अणू आणि स्कंध हे त्याचे भेद, आणि पुद्गल या शब्दाची फोड परंपरेने पूरण आणि गलन, म्हणजे भरणे आणि गळणे, अशी केली जाते. घटीचे खाते ज्याने लिहिले आहे त्याला हे वाचून आनंद होणे साहजिक आहे. पण म्हणून आगमातला परमाणू आणि प्रयोगशाळेतला अणू एकच, असे व्यासपीठावरून सांगण्याची जी घाई अलीकडे दिसते, ती दोन्हींवर अन्याय करणारी आहे. आगमातला परमाणू अविभाज्य आहे; प्रयोगशाळेतला अणू फुटतो. दोन्ही विचारांनी पदार्थाला स्थिर मानले नाही, एवढे साम्य पुरेसे सुंदर आहे.

आता तेलाकडे वळायला हवे, कारण पेढीत या ज्ञानाची गरज पडली ती तिथे.

धान्य पूर्वी पायली-मापट्याने मोजत, तेल मापाने. माप ठोकून भरले की सैल भरले, यावर किती बाचाबाची होई हे जुन्या लोकांना आठवते. १९५६ च्या कायद्याने दशमान वजने-मापे आली, धान्य किलोवर गेले, पण तेल किलो आणि लिटर अशा दोन घरी नांदत राहिले. पंधरा किलोचा डबा आणि पंधरा लिटरचा डबा शेजारी ठेवले तर गिऱ्हाइकाला ते सारखेच दिसतात. वास्तविक पंधरा लिटर तेल भरते सुमारे १३ किलो ६५० ग्रॅम. एवढी गोष्ट तरी पेठेत सर्वांना ठाऊक होती. लिटर स्वतःच उन्हाने बदलतो, हे मात्र कोणाच्या फारसे लक्षात नव्हते.

अण्णांच्या थोरल्या नातवाने काही वर्षांपूर्वी पेढीच्या नावाने एक लिटरच्या पिशव्या भरायला सुरुवात केली होती. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात दुपारी तेल चांगले तापते. नातीने एकदा पहाटे भरलेली पिशवी आणि दुपारी भरलेली पिशवी काट्यावर ठेवली. दुपारची सुमारे ११ ग्रॅमने हलकी भरली. दोन्हीत माप अचूक एक लिटर होते.

नातवाचे म्हणणे चूक नव्हते. “अण्णा, पिशवीवर एक लिटर छापलंय, आपण एक लिटरच भरतो. यात खोटं काय आहे? काही पॅकर्स तर सरळ साठ अंशांचं लिटर छापतात. कायद्यानं चालतं ते.”

“दादा,” नात म्हणाली, “तेल तापलं की रेणू जास्त हलतात आणि एकमेकांपासून थोडे दूर सरकतात. रेणू वाढत नाहीत, त्यांच्यातली जागा वाढते. दुपारच्या लिटरमध्ये रेणू कमी आहेत. घरी जाऊन तेल थंड झालं की पिशवी ढिली पडते, आणि गिऱ्हाईक ती जागा विकत घेतं.”

“सगळेच विकतात.”

“विकतात.”

अण्णांनी दोघांचे ऐकून घेतले. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत हीनाधिक मानोन्मान हा एक सांगितला आहे, घेताना एक माप आणि देताना दुसरे. तो दोष तराजूत लबाडी करणाऱ्याला लागतो हे ते लहानपणापासून ऐकत आले होते. पण इथे तराजू खरा, माप खरे, छापील मजकूर खरा. तरी माल कमी. हे त्यात बसते की नाही, हा त्यांचा पेच होता, आणि तो बुद्धीला सोपा नव्हता. त्यांनी नातीला एकच गोष्ट पुन्हा विचारली. “आपण घाऊक तेल घेतो ते कशावर?” किलोवर. “मग देतो ते?” लिटरवर. यापुढे त्यांनी चर्चा केली नाही. दुसऱ्या दिवशीपासून पिशव्या काट्यावर भरायच्या, पिशवीवर लिटरसोबत वजन छापायचे, आणि छापले आहे तेवढे वजन वैशाखातही भरायचे, असे ठरले.

नातवाला ते पटायला वेळ लागला. धंद्यात एका पिशवीमागे दहा-बारा ग्रॅम ही थट्टा नव्हे. दहा हजार पिशव्यांमागे शंभर किलोहून अधिक तेल जाते, आणि भाव शेजारच्या दुकानाएवढाच ठेवावा लागतो. त्या उन्हाळ्यात नफा उतरला, हे त्याने आकड्यांनिशी दाखवले आणि अण्णांनी ते मान्य केले.

पुढे ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने खाद्यतेलाच्या पॅकर्सना सांगितले की आकारमान छापताना तापमानाचा उल्लेख काढावा, सोबत वजनही छापावे, आणि दोन्ही बरोबर असावीत. त्यासाठी १५ जानेवारी २०२३ पर्यंत मुदत दिली. सोयाबीन तेलाचे उदाहरणही दिले होते. २१ अंशांना एक लिटर तेल ९१९.१ ग्रॅम भरते, ६० अंशांना ८९२.६ ग्रॅम. साडेसव्वीस ग्रॅमचा फरक. म्हणजे एका अंशाला, हजार लिटरमागे, सुमारे पाऊण लिटर. पाण्याचे प्रसरण साध्या तापमानाला याहून बरेच कमी असते, म्हणून दूधवाल्याला जो प्रश्न फारसा भेडसावत नाही तो तेलवाल्याला भेडसावतो.

वजनाचे मर्म हे की ते रेणूंच्या धावपळीकडे पाहत नाही. किलो म्हणजे किती रेणू आहेत याचा हिशेब. लिटर म्हणजे त्यांनी किती जागा अडवली आहे याचा. पहिला आकडा पौषात आणि वैशाखात सारखाच राहतो. अण्णांनी हे वाक्य नातीकडून दोनदा म्हणवून घेतले आणि नंतर पेठेतल्या दोन-तीन जुन्या व्यापाऱ्यांना स्वतः ऐकवले. एकाने वजनी पिशव्या सुरू केल्या. बाकीच्यांनी ऐकून घेतले.

थंडीत तक्रारी दुसऱ्या प्रकारच्या येतात. खोबरेल सुमारे २४-२५ अंशांखाली गोठते, पामतेल गढूळ होते, आणि गिऱ्हाईक बाटली घेऊन दारात उभे राहते की यात डालडा घातला आहे. नातू आता न चिडता समजावतो की कण थंडीने मंदावले आणि एकमेकांना धरून बसले; बाटली कोमट पाण्यात ठेवा. तुपाचे मात्र एकदम पातळ आणि एकदम घट्ट असे होत नाही, ते हळूहळू मऊ पडते, कारण त्यात अनेक प्रकारचे स्निग्ध पदार्थ एकत्र असतात आणि प्रत्येकाचे वितळण्याचे तापमान वेगळे असते. चांगले तूप सावकाश निवले की रवाळ होते ते याच कारणाने. आधी गोठणाऱ्यांना दाणा धरायला सवड मिळते.

राहिला डब्याच्या तळाचा प्रश्न. थंडीच्या सकाळी तेलाचे रेणू एकमेकांवरून घसरताना अडखळतात, तेल जाड होते आणि ओतून झाल्यावरही डब्याच्या भिंतींना बरेच चिकटून राहते. रिकामा डबा त्यासकट जातो. नातीच्या सांगण्यावरून शेडबाहेर उन्हात एक उतरती फळी बसवली आहे. तिच्यावर डबे उलटे ठेवतात, खाली परात असते, आणि थंडीच्या दिवसांत दहा वाजून गेल्याशिवाय रिकामे डबे भंगारवाल्याला दिले जात नाहीत.